शिंगाड्याच्या तळ्यातलं केंदाळ

भाद्रपद उतरणीला लागला की भोपाळच्या लहान तलावांवर एक पिवळं यंत्र फिरू लागतं. त्याच्या तोंडाशी दात्यांचा पट्टा असतो. पाण्यावर अंथरलेला हिरवा थर तो ओढून घेतो आणि काठावर आणून टाकतो. पहिल्या दिवशी त्या ढिगाला ओल्या गोणपाटाचा वास येतो, तिसऱ्या दिवशी सडलेल्या कोबीचा. या वर्षी यंत्र लागलं तेव्हा मी कठड्याशी उभी होते. दोन मजूर ढीग ट्रॉलीत भरत होते.

"खां, जितनी निकालो उतनी फिर उग आती है," भोपाळी सवयीने दोस्ताला 'खां' म्हणत एक म्हणाला.

"तो तेरे बाप का क्या जाता है? उगेगी तो रोज़ी चलेगी. दुआ दे इसे." दुसऱ्याने फावडं टेकवलं आणि बिडी पेटवली.

दर वर्षी या सुमारास वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी येते. मथळा फारसा बदलत नाही. नोकरीच्या काळात यांतल्या पुष्कळ बातम्या मीच लिहिल्या. त्यांत जलपर्णी 'फोफावते', 'पसरते', 'विळखा घालते'. ती आपणच सगळं करते. तिला कोणी आणलं, असं वाक्य त्या बातमीत कधी नसतं. एका तळ्यापुरतं ते वाक्य मला पूर्ण करता येतं.

छापील मराठीत हिला जलपर्णी म्हणतात, बोलण्यात केंदाळ, इथे जलकुंभी. वनस्पती देखणी आहे, हे आधी मान्य करायला हवं. पानं गोल, जाड, चकचकीत. देठाला फुगीर गाठ, तिच्यात हवा भरलेली. बोटांनी दाबली की फट् असा आवाज होतो. खाली काळसर मुळांची पिसासारखी झालर. फूल फिकट जांभळं आणि वरच्या पाकळीवर निळ्या वर्तुळात एक पिवळा ठिपका. त्या ठिपक्यामुळे फूल आपल्याकडे बघत आहे असं वाटतं. ते एक-दोन दिवस टिकतं. मग दांडा मान वळवून पाण्यात वाकतो आणि बी खाली सोडतो. ते बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पण त्याची वाट बघायची वनस्पतीला गरज नसते. एका रोपाच्या बुडातून आडवा फुटवा निघतो, त्याच्या टोकाला दुसरं रोप, त्याला तिसरं. सगळी एकमेकांची बोटं धरून उभी असतात. एक ओढलं की दहा येतात आणि अकरावं तुटून मागे राहतं.

आई त्यांना 'गौरीची फुलं' म्हणायची.

नागपूरला आमच्या घरामागे एक लहान तळं होतं. तिथून ती भाद्रपदात ही रोपं आणायची, परातीत पाणी घालून त्यात ठेवायची आणि परात गौरींपुढे मांडायची. शास्त्रात असं कुठेही नाही. तिला ते फूल आवडायचं, एवढंच. एकोणीसशे छप्पन्नच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी मांडणी झाली आणि नागपूर राजधानी राहिलं नाही. माझे वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचं नाव भोपाळच्या यादीत आलं. फायली पेट्यांत भरून गेल्या, तशी माणसंही गेली. आमच्या सामानात पितळेचे डबे होते, पाटा-वरवंटा होता, लिंबाच्या लोणच्याची बरणी होती आणि झाकण नसलेली एक बादली होती. बादलीत पाणी आणि तीन रोपं.

"तिकडे म्हणे नुसती बाभळीची झाडं," आई म्हणाली. "गौरीला काय वाहू?"

गाडीत बादली तिच्या पावलांमध्ये होती. प्रत्येक धक्क्याला पाणी हिंदकळून नानांच्या धोतरावर जाई. इटारसीला तिने फलाटावरच्या नळावरून बादली पुन्हा भरून आणायला लावली. तिकीट तपासनीस वाकून बघत म्हणाला, "पंडितजी, मछली ले जा रहे हो?" डबा हसला. नानांनी मान खिडकीकडे वळवली, ती भोपाळ येईपर्यंत.

शहराने आम्हाला एका शब्दात बसवलं: नागपूरवाले. टांगेवाला, दूधवाला, कचेरीतला शिपाई, सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. आम्हाला मिळालेली घरं म्हणजे कौलारू बराकींची रांग. भिंती खांद्याच्या वर लाकडी फळ्यांच्या, त्यामुळे एकाच्या घरातली शिंक तिसऱ्या घरात ऐकू यायची. मागे बाभळी, आणि बाभळींच्या पलीकडे एक तळं. इथे त्याला तलैया म्हणत. त्या तळ्यात शिंगाडे व्हायचे.

शिंगाड्याची शेती मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. उन्हाळ्याच्या अखेरीस वेल चिखलात पायाच्या अंगठ्याने रोवायचे. पावसात पाणी चढतं तसे वेलही चढतात आणि पानांच्या नक्षीदार चकत्या पाण्यावर पसरतात. आश्विनात फळ धरतं, काटेरी, हिरवं-लालसर. दोन मोठे मटके बांबूला उलटे बांधून त्यावर पालथं पडायचं आणि हातांनी पाणी मारत फळ तोडत जायचं. हे काम हल्के नावाचा तरुण करायचा. तळं त्याच्या घराण्याकडे तीन पिढ्या होतं. घरात त्याची आई होती, जिला सगळी बराक अम्मा म्हणायची. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात हल्केचं लग्न झालं आणि तिसरं माणूस आलं. केसर. मिसरोद गावची. सोळा-सतरा वर्षांची असावी. हसताना ओठांवर पदर धरायची, पण हसू पदराबाहेरही ऐकू यायचं.

अम्मा दुपारची आमच्या मागच्या दारात येऊन बसायची. आईचं हिंदी नागपुरी होतं, अम्माचं खेड्यातलं. दोघींचं भांडणासारखं दिसणारं सख्य होतं.

"नागपूरवाली बाई, तुम बात करती हो तो लगता है लड़ रही हो."

"और तुम लड़ता है तो लगता है गाना गाता है," आई म्हणायची.

"लो, मुझे मर्द बना दिया! ए हल्के, आज से मुझे अम्मा मत कहियो."

त्यांच्या घरचा एक नेम होता. वेल रोवल्यापासून पहिलं फळ काठावरच्या शेंदरी दगडाला वाहीपर्यंत घरच्या सुनेने तळ्यात पाऊल घालायचं नाही. अम्माने स्वतः चाळीस पावसाळे तो पाळला होता. पाणी भरायचं तेही काठाच्या दगडावर बसून, हात लांब करून. नेम का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पानी को भी तो अपना घर चाहिए, बाई. हर कोई घुसा चला आए तो कैसे चले?"

आमच्याकडे खड्याच्या गौरी. घरातल्या मुलीने पाणवठ्यावर जायचं, सात खडे वेचायचे, तोंडात पाण्याची चूळ धरून एक शब्द न बोलता ते घरी आणायचे. सत्तावन्नच्या भाद्रपदात, भोपाळमधल्या आमच्या पहिल्या गौरींचे खडे मी त्या तळ्यावरून आणले. नऊ वर्षांची होते. वाटेत केसरने मला हसवायचा फार प्रयत्न केला. गालांकडे बोट दाखवून म्हणाली, "क्या भरा है मुँह में, लड्डू? अकेली-अकेली?" मी हसले नाही. चूळ घरापर्यंत टिकली. आईने पायांवर दूध-पाणी घातलं, आणि गौरींपुढे परात मांडली. नागपूरहून आलेल्या तीन रोपांची बादलीत तोवर सात झाली होती; दोन बादलीतच ठेवून आईने पाच परातीत सोडली. त्यातल्या दोन रोपांना फुलं होती.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. देवीला वाहिलेलं सगळं निर्माल्य होतं. दूर्वा, पत्री, फुलं, आणि परातीतली रोपंसुद्धा. निर्माल्य पायदळी येता कामा नये. ते उकिरड्यावर टाकत नाहीत, झाडाखाली ठेवलं तरी कुत्रं-मांजर हुंगतं. ते पाण्यात सोडायचं. आमच्या घराण्यात कितीक पिढ्या असंच चाललं होतं आणि त्यात कधी कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आईने खडे सोडले, हात जोडले. मग रोपं माझ्या हातात दिली.

"अलगद सोड गं. फूल मोडू नकोस."

मी गुडघाभर पाण्यात जाऊन ती अलगद सोडली. ती आधी थोडी बुडाली, मग पाणी झटकून ताठ उभी राहिली, जणू ती इथलीच होती. आई थोडी वाळू ओंजळीत घेऊन घरी निघाली. मी रेंगाळले.

केसर काठावर घागर घेऊन आली होती. तिने फूल पाहिलं. "ये क्या है री? तुम्हारे देस का कमल?" मी मान हलवली. वाऱ्याने रोपं जरा आत गेली होती. तिने हात लांब केला, पोचला नाही. इकडेतिकडे पाहिलं. मग घागर ठेवली, घागरा एका हाताने गोळा केला आणि पाण्यात उतरली. कमरेपर्यंत. एक फूल खुडून तिने वेणीत खोवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कैसी लग रही हूँ?"

मी उत्तर देण्याआधी पलीकडच्या काठावरून अम्माची हाक आली. हाक नव्हती ती. नुसता आवाज होता. अम्माला एवढंच दिसलं: नेमाच्या दिवसांत सून कमरेपर्यंत पाण्यात, आणि तिच्या भोवती पूर्वी कधी न पाहिलेली फुलं.

त्या वर्षी शिंगाडा चांगला आला. अम्मा दोन महिने केसरशी बोलली नाही, मग बोलू लागली. प्रकरण मिटलं असं बराकीत सगळ्यांना वाटलं.

अठ्ठावन्नचा तो एक मोसम, ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंतचा, माझ्या डोक्यात तारीखवार लागलेला आहे. बाकीची वर्षं एकमेकांत मिसळली, तो नाही. ज्येष्ठात तळ्याच्या एका कोपऱ्यात हिरवा पुंजका दिसला. आषाढात तो अंगणाएवढा झाला. पावसाने पाणी चढलं, तसा तो सुटून वाऱ्यावर इकडून तिकडे जाऊ लागला. सकाळी एका काठाला, संध्याकाळी दुसऱ्या. रात्रीत गुरं चरायला गेल्यासारखा. श्रावणात शिंगाड्याच्या चकत्या त्याच्याखाली दबू लागल्या. हल्के काठी घालून तो ढकलायचा, दोरीने बांधायचा, कापायचा. कापलेल्या तुकड्यांतून नवे पुंजके निघायचे. भाद्रपदात तळ्याचा निम्मा भाग फुलांनी जांभळा झाला. आजूबाजूची माणसं बघायला यायची. "क्या नज़ारा है, खां," म्हणायची.

आईने ते फूल ओळखलं तो क्षण मला माहीत आहे. ती कपडे वाळत घालत होती, बाभळीतून तळं दिसत होतं. हातातला नानांच्या सदऱ्याचा पीळ तसाच राहिला. मग ती आत गेली, बादलीत उरलेली रोपं उचलली, आणि अंगणातल्या तापलेल्या पत्र्यावर उलटी टाकली. ती वाळायला चार दिवस लागले. रोज सकाळी ती जाऊन बघायची.

पुढे पाणी दिसेनासं झालं. वरून पाहिलं तर मैदान. खालच्या काळोखात मासे श्वास कोंडून वर यायचे, पानांच्या फटीतून तोंडं दिसायची. शिंगाड्याचे वेल कुजले. डास इतके झाले की बराकीत दिवेलागणीला कडुनिंबाचा पाला जाळायचे. आश्विन लागला, शेंदरी दगडाला वाहायला एक फळ नव्हतं. त्याच आठवड्यात अम्माने केसरला माहेरी पाठवलं.

तिला नेण्यासाठी मिसरोदहून भाऊ आला होता. भांडण झालं नाही. अम्मा दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "मेरी सास ने पाला, मैंने पाला. तूने एक फूल के लिए तालाब को जूठा कर दिया."  बैलगाडीत ती पाठमोरी बसली होती. हल्के तळ्याकडे तोंड करून उभा राहिला, गाडी दिसेनाशी झाली तरी.

त्या दिवसापासून आई दुपारची तळ्यावर जाऊ लागली. पातळ खोचून, गुडघाभर चिखलात उभी राहून ती हातांनी केंदाळ उपटायची आणि काठावर फेकायची. तळवे हिरवे, मग काळे झाले. बायका थांबून बघायच्या. अम्मा तिच्यासाठी ताकाचा तांब्या घेऊन यायची.

"बड़ी पुन्न वाली हो, बाई. अपने-पराये नहीं देखतीं."

आई ते ताक पीत असे. तिचा चेहरा तेव्हा मला बघवत नसे आणि मी बघतही असे.

घरात या विषयावर एकदाच बोलणं झालं.

"अहो, मी सांगून टाकते त्यांना," आई जेवण वाढताना म्हणाली. "ती पोर फुकट भोगतेय."

"काय सांगणार आहेस?" नानांनी विचारलं. "कालच ओव्हरसियर येऊन गेला. तळ्यात क्वार्टरमधलं कोण काय टाकतं, याची चौकशी चाललीय. डासांबद्दल वरती तक्रार गेलीय. माझा नागपूरला परत जाण्याचा अर्ज तिथेच पडलाय, त्याच टेबलावर. आपलं नाव कागदावर आलं की संपलं."

"कागदावर कशाला? मी अम्माला सांगणार. तोंडी."

"तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कागदावर असतं. बावीस वर्षं तेच करतोय मी." मग ते माझ्याकडे वळले. "सुमे, तुला कोणी विचारलं तर म्हणायचं, आठवत नाही. खोटं नाही बोलायचं. फक्त आठवत नाही म्हणायचं. कळलं?"

मी मान हलवली. वरणात लिंबू जास्त झालं होतं, हेही मला आठवतं.

आईने तरी सांगितलं. कोजागरीनंतरची एक दुपार होती. अम्मा काठावर बसून वाळलेलं केंदाळ पेटवायचा प्रयत्न करत होती आणि ते पेटत नव्हतं, नुसता धूर. आई चिखलातून वर आली, हात पदराला पुसले आणि अम्मासमोर बसली.

"अम्मा, वो फूल हम लाया था. नागपूर से. बादली में. गौरी के दिन हमने ही छोड़ा पानी में. केसर ने कुछ नहीं किया."

 अम्माने आईचे हात आपल्या हातांत घेतले. "बाई, तुमने देवी पे चढ़ाया. देवी का फूल कहीं पाप लाता है?"

"अम्मा, सुनो तो. ये ऐसाच फैलता है. नागपूर में भी—"

"मैं समझती हूँ. तुम्हारा मन बड़ा है. बहू का दोष अपने सिर ले रही हो, कि वो घर लौट आए." अम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकिन मैंने अपनी आँख से देखा. वो पानी में खड़ी थी और फूल उसके पीछे-पीछे आ रहे थे."

"नहीं अम्मा! पहिले से थे. ये थी वहाँ. मेरी बेटी." आईने मला पुढे ओढलं. "सुमे, सांग. केसर उतरायच्या आधी तू सोडलीस ना ती? सांग अम्माला."

अम्मा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती खरोखर ऐकायला थांबली होती. आज इतक्या वर्षांनी मी हे ठामपणे लिहू शकते: तिला ऐकायचं होतं. तिलाही सून परत हवी होती. "बोल बिटिया," ती म्हणाली. "तू जो कहेगी, मैं मान लूँगी."

धूर आमच्याकडे वळला होता. हल्के लांबून बघत होता, हातात काठी तशीच.

"याद नहीं, अम्मा," मी म्हणाले.

अम्माने मान हलवली, अपेक्षित होतं तेच झाल्यासारखी, आणि धुराकडे वळली.  घरी आल्यावर आईने माझे पाय धुतले, कारण चिखलात जळवा असायच्या. एक जळू निघाली. तिने तिच्यावर मीठ टाकलं. त्या दुपारबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही, आणि पुढची बत्तीस वर्षंही नाही. रागावली असती तर मला कुठेतरी शेवट सापडला असता.

कार्तिकात ती मला बरोबर घेऊन मिसरोदला गेली. तेव्हा ते शेतांतलं गाव होतं आणि दिवसातून एक मोटार जायची. केसरच्या भावाने दारातूनच विचारलं, "ससुराल वालों ने भेजा है?" आई नाही म्हणाली. "तो फिर किस नाते से आई हो?"  आम्ही दारात येईपर्यंत आत कोणीतरी धान्य पाखडत होतं. आम्ही तिथे असेपर्यंत सूप थांबलेलं होतं. वळलो, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं.

पुढच्या घटना थोडक्यात सांगता येतात. नानांचा अर्ज दुसऱ्या वर्षी परत आला. शेरा एका ओळीचा होता: जागा रिक्त नाही. त्यांनी तो फायलीला लावला. आम्ही इथलेच झालो. बरखेड्याला मोठा कारखाना उभा राहत होता, हल्के तिथे मजुरीला गेला आणि मग तिकडेच राहिला. दुसरं लग्न त्याने केलं नाही. अम्मा दोन हिवाळ्यांनी गेली. तळ्यावर माणूस उरलं नाही तसं केंदाळ आपल्याच कुजण्यावर चढत गेलं. खाली गाळ, वर पानं. मग दलदल, मग म्हशी बसायची जागा, मग मुरमाच्या गाड्या, मग प्लॉट. आता तिथे तीन मजली घरं आहेत. पावसाळ्यात तळमजल्यांच्या फरश्या ओलसर होतात आणि राहणारे ठेकेदाराला शिव्या देतात. एका घराच्या मागे, गटाराच्या तोंडाशी, मी तीन-चार रोपं पाहिली आहेत. फुलावर होती.

आई गौरी मांडत राहिली. परात ठेवायची, पाणी भरायची. पाणी तसंच असायचं, कोरं. पाहुण्या बायका विचारायच्या, यात काय ठेवायचंय? ती म्हणायची, काही नाही.

मी वर्तमानपत्रात लागले. तिथे पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते असं: चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची, लहान अक्षरांत का होईना, पण छापायची. आडनाव चुकलं, फोटोखालची नावं उलटसुलट झाली, मृताचं वय चुकलं. मी शेकडो दुरुस्त्या लिहिल्या. त्या लिहिताना हात चांगला चालायचा. लोक म्हणायचे, हिच्याइतकी काटेकोर बाई डेस्कवर नाही. ते खरं होतं. त्याचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही ते कारण म्हणून कधी मान्य केलं नाही. मिसरोद माझ्या घरापासून एका बसच्या अंतरावर होतं. रस्ता रुंद झाला, वसाहती उठल्या, बस दर दहा मिनिटांनी जाऊ लागली. मी त्या रस्त्याने मंडीदीपला बातमीसाठी किती वेळा गेले. मिसरोदला बस थांबायची. माणसं उतरायची.

या वर्षी तलावाच्या कठड्याशी उभी असताना मला काही साक्षात्कार झाला नाही. पायऱ्या चढताना धाप लागते, डॉक्टरांनी दोन तपासण्या सांगितल्या आहेत. साक्षीदाराचं वय झालं की साक्ष आधी घेतात, एवढा साधा हिशेब होता. मी घरी न जाता बस पकडली.

घर सापडायला वेळ लागला नाही. भावाच्या नातवाचं घर, बाहेर मोटारसायकल, ओट्यावर गुळगुळीत फरशी. केसर ओट्यावर खाटेवर बसली होती. मी तिला ओळखलं नसतं. तिने मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. घरातल्या सुनेने सांगितलं की दादींना ऐकू नीट येतं, फक्त मोठ्याने बोलू नका, त्यांना राग येतो.

मी माझं नाव सांगितलं. बराक सांगितली. नागपूरवाली बाई म्हटल्यावर तिची मान वर झाली.

"वो जो मुँह में पानी भरके जा रही थी? लड्डू वाली?"

"हाँ," मी म्हणाले. मग हिंदीत सगळं सांगितलं. बादली, परात, पाच रोपं. मी ती गुडघाभर पाण्यात जाऊन सोडली. त्यानंतर तू आलीस. त्यानंतर तू उतरलीस. या क्रमाने. आणि मग अम्माने विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, ते.

 घरातली सूनच बोलली, हळू आवाजात, जणू माझ्यावर उपकार करत होती. दादी कधी पाण्यात जात नाहीत, ती म्हणाली. सगळं घर संक्रांतीला होशंगाबादला नर्मदेवर जातं. दादी घाटावर चपला सांभाळत बसतात. एकदाही पायरी उतरल्या नाहीत. दादाजी, म्हणजे हल्के, दोनदा न्यायला आले होते. दादीनेच परत पाठवलं. म्हणाल्या, मी आले तर तू जिथे जाशील तिथलं पाणी मरेल.

"तो मैंने नहीं किया था," केसर म्हणाली. तो प्रश्न होता की नाही हे कळलं नाही.

"नहीं. तुमने नहीं किया."

"तूने किया था."

"हाँ. माँ ने और मैंने. अनजाने में. और बाद में मैंने, जान-बूझकर."

ती शिवी देईल अशी माझी तयारी होती. रडेल, अशीही. तिने तसं काही केलं नाही. तिने सुनेला सांगितलं, आत जा, सगळ्यांना बोलाव. नातू आला, मोबाईल हातात धरून. त्याची शाळकरी मुलगी आली. शेजारची एक म्हातारी भिंतीपलीकडून डोकावली, तिलाही बोलावून घेतलं. केसर खाटेवर ताठ बसली. पदर डोक्यावरून नीट केला.

"अब बोलो," ती मला म्हणाली. "शुरू से. सबके सामने."

मी पुन्हा सांगितलं. बादली, परात, पाच रोपं, कोण आधी पाण्यात गेलं, कोण नंतर. मुलीने विचारलं, "दादी, तालाब कहाँ था?"  दूध द्यायला माणूस आला, त्याला थांबवलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं. नातवाचा धाकटा भाऊ मंडीदीपच्या कारखान्यातली पाळी संपवून परतला, हेल्मेट हातात, त्याच्यासाठी चौथ्यांदा. प्रत्येक वेळी ती ओठ हलवत माझ्याबरोबर शब्द म्हणत होती आणि 'केसर बाद में उतरी' या ठिकाणी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघत होती. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं त्यांतलं कोणीही हयात नव्हतं. जे ऐकत होते त्यांना अम्मा कोण हेही नीट ठाऊक नव्हतं. ते सभ्यपणे ऐकत होते. ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं. मी पर्स उचलली, शेवटची बस चुकेल म्हणाले.

केसरने माझं मनगट धरलं. हाडं पातळ होती, पकड नव्हती.

"एक बार और," ती म्हणाली.